हरिसाचा दुसरा डबा

आमच्या घरात हरिसाचे दोन डबे होते. एकात हरिसा असायची, लाल मिरच्यांची वाटलेली चटणी. दुसरा कपाटावर गाद्यांच्या चवडीमागे असायचा. त्याला हात लावला तर उम्मी, म्हणजे आई, ओरडायची नाही, नुसती बघायची, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट.

माझे बाबा, म्हणजे उस्ताद लमीन, टेकडीपलीकडच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात एकोणीस वर्षं नेमबाजी शिकवत आले. अर्ध्या ट्यूनिशियातले शिपाई त्यांच्या हाताखालून गेलेत. असं ते म्हणत नाहीत, मी म्हणते. चांदमारीवरचा, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागेवरचा, नियम साधा होता. रंगरूटाला दहा काडतुसं मोजून द्यायची आणि सराव संपला की दहा रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्यायच्या. एक जरी कमी भरली तरी सगळ्या तुकडीची रजा बंद. मग पंचवीस धट्टेकट्टे पोरगे भर उन्हात रांगत वाळू चिवडत बसायचे, नखं फुटेपर्यंत. आता, समुद्रावरून वारा सुटला की आमच्याकडची वाळू काय काय गिळते ते इथं राहणाऱ्यालाच ठाऊक. पुंगळी तर करंगळीच्या पेराएवढी. आज गेली की दोन महिन्यांनी, भलत्याच वाऱ्यात, आपली आपण वर येते. अशी वर आलेली पुंगळी बाबा कोठारात जमा करत नसत, खिशात टाकत. पुढे कुणा बिचाऱ्याची एक कमी भरली की त्याच्या मुठीत ती हळूच सरकवत. "वाळूनं परत केली," एवढंच म्हणत. केंद्रात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. तिथल्या कोठाराची तपासणी केव्हाही व्हायची, म्हणून साठा आमच्या घरी, त्या दुसऱ्या डब्यात.

डब्याच्या तळाशी चार भरलेली काडतुसंही होती. कोणी रंगरूट हात थरथरला म्हणून बार न काढताच काडतूस वाळूत टाकून देतो, आणि ते वर येतं. ती जमा करायची तर कुणाचं, कधीचं, असे प्रश्न आणि एखाद्याची नोकरी सुरू होण्याआधीच संपणार. म्हणून बाबांनी ती ठेवून घेतली. टाकायची कुठे हेही कळेना.

मला काडतूस वाचता येतं. बुडावर वर्षाचा आकडा कोरलेला असतो. केंद्रावर सरावाला जुना साठा येतो, चौऱ्याण्णवचा. शहरातल्या गस्तीला नवा, एकोणीसचा. "आधी बूड बघ, मग तोंड," असं बाबा सांगायचे. मला पोलिसात जायचंय हे मी नववीतच जाहीर केलंय. गच्चीवर मी चाळीस जोर काढते, आणि ते कसे काढायचे हे मला वजदीनं शिकवलं. वजदी बाबांचा लाडका रंगरूट होता. तीन वर्षांपासून तो आमच्याच शहरात गस्तीवर आहे आणि दर शुक्रवारी आमच्याकडे कुसकुस जेवायला येतो. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हात वर करायला घाबरायचे. यंदा मी वर्गाची प्रतिनिधी आहे. तो म्हणतो, हे जोर काढल्यानं झालं. असेलही.

तर तो शनिवार.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या गच्च्या लाल. हरिसासाठी मिरच्या वाळत घालायचे दिवस. दुपारभर बायका वरच असतात, मिरच्या उलटत, एकमेकींच्या सुनांना नावं ठेवत. मन्नूबिया खालाही वर होती. खाला म्हणजे आमच्या शाळेच्या फाटकावर मलावी, म्हणजे तेल लावलेल्या पोळ्या, भाजून विकणारी. तिच्या गरम मलावीपायी मी दोनदा पहिला तास बुडवलाय. हे कबूल करायला हरकत नाही, आता लपवण्यासारखं त्याहून मोठं बरंच झालंय.

खालाच्या पुतणीचं लग्न होतं. पुतणीच्या अंगणात दुपारपासून खालाचा मुलगा घस्सान आजोबांची जुनी बंदूक आभाळाकडे करून बार काढत होता. रानडुकराच्या शिकारीची बंदूक. उम्मी तिथेच होती, ढोलकीपाशी. त्याच वेळी तिकडे मैदानावर फुटबॉलचा सामना संपला आणि हरलेल्यांनी दगडफेक सुरू केली. मी घरी इतिहास पाठ करत होते. बार ऐकू येत होते. एक बार जरा वेगळा वाटला, कोरडा, फटकन. मी मान वर केली आणि परत खाली घातली.

साडेपाचला दारावर थाप. वजदी. गणवेशाचा खांदा उसवलेला, बाहीवर रक्त.

"उस्ताद आहेत?"

"केंद्रावर. उद्या येतील. कुणाचं रक्त हे?"

"जोडीदाराचं. दगड बसला डोक्यात, अकरा टाके पडले. उम्मी?"

"लग्नात नाचतेय. ये ना आत, लिंबूपाणी देते."

तो आत आला नाही. उंबऱ्यावरच उभा राहून म्हणाला, "युसर, उस्तादांनी डब्यातलं एक द्यायला सांगितलंय."

"पुंगळी?"

"भरलेलं."

मी विचारायला हवं होतं. का, कशाला, बाबांनी मला फोन का नाही केला. पण इतक्या वर्षांत त्या डब्याचं काम मला पहिल्यांदा कोणी सांगितलं होतं. मी खुर्ची ओढली, गाद्यांमागून डबा काढला, तळातलं एक उचललं आणि ऐटीत त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याचा हात ओला होता.

"कुणाला सांगू नकोस, बहिणी."

"मी काय लहान आहे?"

तो जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या उतरत गेला. अर्ध्या तासानं उम्मी आली, मेंदी लावलेले हात तसेच पुढे धरून. मन्नूबिया खालाला तिच्याच गच्चीवर गोळी लागली होती. उजवा दंड, आरपार. ती मिरच्यांवर पडली आणि आधी कुणाला रक्त दिसलंच नाही, म्हणे.

रविवारी सकाळपर्यंत मोहल्ल्यात सगळं ठरून गेलं होतं. शहरातल्या चौकीनं सांगितलं, आमच्या एकाही शिपायानं गोळी झाडलेली नाही. प्रत्येकी बारा काडतुसं घेऊन गेले, बारा परत जमा. वहीत लिहिलंय, बघा. मग उरलं कोण? घस्सान. शनिवारी संध्याकाळीच त्याला उचललं होतं. लग्नाच्या कपड्यांत.

"आईवर गोळी झाडली पोरानं," शेजारीण म्हणाली.

"माझ्यादेखत काढले त्यानं बार," उम्मी म्हणाली. "अंगणातून, सरळ वर. खालाची गच्ची मागच्या गल्लीत आहे. गोळी काय वळणं घेत गेली?"

"वही खोटं बोलते का, नजीबा?"

उम्मी उठून आत गेली. मी इतिहासाच्या पुस्तकाचं तेच पान धरून बसले होते. बारा गेली, बारा आली. मी मनातल्या मनात ते बारावं काडतूस हातात घेऊन उलटं करून बघत होते आणि त्याच्या बुडावर मला चौऱ्याण्णव दिसत होतं.

दुपारी बाबा आले. जेवून होईपर्यंत मी थांबले, मग त्यांच्या मागे गच्चीवर गेले.

"बाबा, डब्यात तीनच उरलीत."

बाबा सिगारेट पेटवत होते. काडी बोटापर्यंत जळत आली तरी त्यांनी विझवली नाही.

"चौथं?"

"वजदीला दिलं. काल साडेपाचला. तुम्ही सांगितलंय म्हणाला."

मला वाटलं ते मारतील. त्यांनी कधी मारलेलं नाही, पण वाटलं. ते कठड्यावर बसले. समोर सगळ्या गच्च्या लालभडक होत्या, फक्त खालाच्या मिरच्या कोणीतरी पायांनी विस्कटलेल्या.

"तुला कुणी बघितलं?"

"नाही."

"उम्मीला सांगितलंस?"

"नाही. बाबा, घस्सानला मंगळवारी कोर्टात उभं करणार आहेत. दहा वाजता."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय, युसर? घरात जिवंत काडतुसं ठेवली म्हणून मला काय होईल, ठाऊक आहे? नोकरी जाईल हे सोड. आत जाईन मी. आणि तू दिलंस, म्हणजे तूही त्यात आलीस. पोलिसात जायचंय ना तुला?"

मी म्हटलं, "जायचंय म्हणूनच विचारतेय." हे मी फार धीटपणे म्हटलं असं वाटेल. मी कठडा घट्ट धरून ठेवला होता.

बाबांनी सिगारेट कठड्यावर विझवली. सोमवारी सकाळी ते रोजच्यासारखे बूट पुसून केंद्रावर गेले. मी शाळेत गेले. फाटकावर खालाची चूल नव्हती, जमिनीवर नुसता काळा गोल डाग. वर्गात रानिया म्हणाली, "घस्सान प्यायलेला होता म्हणे. तू त्याच गल्लीतली ना, सांग की, प्रतिनिधीबाई. एरवी तुझं तोंड बंद करायला मुख्याध्यापक लागतात."

मी म्हटलं, मला काही माहीत नाही. दिवसभरात तेवढंच बोलले.

शाळेतून आले तर वजदी आमच्या स्वयंपाकघरात बसलेला. बाबाही लवकर आलेले. डबा टेबलावर, झाकण उघडं. उम्मी ओट्याला टेकून उभी होती, म्हणजे तिलाही कळलं होतं. मला बाहेर जा म्हणायचं कोणालाच सुचलं नाही.

"आठ जण होते, उस्ताद," वजदी सांगत होता. "जोडीदार खाली पडलेला. एकाच्या हातात लोखंडी कांब. ती खाली आली असती तर तो मेलाच होता. मी वर झाडली. एकच."

"त्याबद्दल मी तुला एक शब्द बोललोय का?" बाबा म्हणाले. "मीही झाडली असती. पण वर काय आहे ते बघितलंस?"

"नाही."

"काय शिकवलं होतं मी? गोळीच्या पुढे काय आहे ते बघ, आणि त्याच्याही पुढे काय आहे ते बघ."

"चांदमारीवर पुढे वाळूची टेकडी असते, उस्ताद. तिथे गच्च्या नसतात. आणि गच्चीवर मिरच्या वाळवणाऱ्या बायका नसतात."

बाबांनी मान खाली घातली.

"बरं. नाही बघितलंस. मग चौकीत जाऊन सांगायचं होतंस, झाडली म्हणून. जोडीदाराचं डोकं फुटलेलं, साक्षीदार होता. दहा दिवस चौकशी झाली असती आणि सुटला असतास."

"तेव्हा ती बाई पडलीय हे मला कळलं होतं," वजदी म्हणाला. "मला एकच सुचलं. बारा पूर्ण करायची. तुम्हीच तर, उस्ताद... माझी पहिल्या महिन्यात एक पुंगळी कमी भरली होती. तुम्ही मुठीत दिलीत. म्हणालात, मोजणी भरली की माणूस सुटला."

"वाळूनं परत केली, असं म्हणालो होतो."

"तेच की हो."

नळ टपटपत होता. उम्मी म्हणाली, "डबा समुद्रात टाक, लमीन. आत्ताच्या आत्ता. मग कोणी काय सिद्ध करणार?"

"आणि घस्सान?" मी विचारलं.

"त्याला वकील करू आपण," वजदी घाईनं म्हणाला. "मी पैसे भरतो. अपघात म्हणून सुटेल तो, सहा महिन्यांत, फार तर वर्षात. युसर, तू तरी समजून घे. उस्ताद आत जातील. एकोणीस वर्षं. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी गप्प बस."

तो जे बोलत होता ते खरं होतं, हेच वाईट होतं. त्याचे डोळे लाल झालेले, दोन रात्री झोपला नसावा. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं जोर काढताना तिसाव्यानंतर बघायचा, अजून एक, अजून एक. आणि मला पहिल्यांदाच त्याचा राग आला. खोटं बोलला म्हणून नाही. माझ्याच हातून करून घेतलं म्हणून.

"तू मला म्हणालास, बाबांनी सांगितलंय," मी म्हटलं. "त्यांच्यासाठी गप्प बस हे तेव्हा नाही सुचलं?"

बाबा उठले. डब्याचं झाकण लावलं. "वजदी, घरी जा. सकाळपर्यंत तुला वेळ आहे. तू स्वतः जाऊन सांगितलंस तर तुझ्या बाजूनं पहिला मी बोलेन."

"आणि नाही गेलो तर?"

बाबांनी डबा उचलून परत गाद्यांमागे ठेवला.

मंगळवारी आठ वाजता बाबांनी गणवेश घातला नाही. साधा सदरा घातला, डबा काखेत घेतला. उम्मीनं दार अडवलं, मग बाजूला झाली. मी दप्तर अडकवून त्यांच्या मागे निघाले.

"तू शाळेत जा."

"दिलं मी आहे."

"मी सांगेन की मी दिलं."

"म्हणजे परत तेच," मी म्हटलं. "परत कमी भरलं ते आपण भरायचं."

ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले आणि मग चालायला लागले. मी मागून. शंभर पावलांनंतर त्यांनी चाल हळू केली, मला बरोबर येता यावं म्हणून.

चौकीच्या फाटकावर पहाऱ्याला वजदी होता. सांगायला गेला नव्हता तो. कमरेला पिस्तूल, चेहरा राखेसारखा. आमच्या मागे ओळखपत्राच्या रांगेत चार माणसं उभी, आत जिन्यावर दोन शिपाई. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची झडती घ्यायची हे पहाऱ्याचं काम. त्यानं डबा उघडला की बाबा तिथल्या तिथे आरोपी, पकडणारा वजदी, आणि मग सगळे पकडणाऱ्याचंच ऐकणार. मला हे चालता चालता का सुचलं नाही कोण जाणे. बाबांना सुचलं असणार. तरी ते सरळ चालत आले होते.

"डब्यात काय आहे, उस्ताद?" वजदीनं विचारलं. आवाज घोगरा.

"हरिसा नाही," बाबा म्हणाले.

जिन्यावरचा एक शिपाई हसला. "काय रे वजदी, उस्तादांनी तुला तरी चाखायला आणायची."

वजदीचा हात डब्यावर आला. झाकणावर बोटं. मी त्याच्या नखांकडे बघत होते, कारण वर बघायची हिंमत नव्हती. रांगेतला म्हातारा म्हणाला, "आटपा की, माझा दाखला राहिलाय." बोटं झाकणाच्या कडेवरून एकदा फिरली. मग हात मागे गेला.

"जाऊ दे त्यांना," तो जिन्याकडे न बघता म्हणाला. "मी बघितलाय डबा."

राजधानीहून चौकशीला मदाम शलबी आल्या होत्या. करड्या केसांच्या, बुटक्या, समोर थंड कॉफी. खोलीच्या कोपऱ्यात ठाणेदार उभा. बाबांनी डबा टेबलावर ठेवला आणि त्या काही विचारायच्या आत म्हणाले, "शनिवारी वजदीनं परत केलेली बारा काडतुसं मागवा. मोजू नका. आडवी ठेवून बुडं बघा."

"मोजलीयत आम्ही," ठाणेदार म्हणाला. "बारा आहेत."

"म्हणूनच म्हणतोय, मोजू नका."

मदामनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. काडतुसं मोहरबंद पाकिटातून आली. मदामनी एकेक टेबलावर, बुडं एका बाजूला येतील अशी आडवी लावली, शाळेतल्या मुलांना रांगेत लावावं तशी. एकोणीस. एकोणीस. एकोणीस. सातवं हातातून निसटून गडगडत कडेपर्यंत गेलं, मी ते पकडलं आणि जागेवर ठेवलं. एकोणीस. नववं ठेवल्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा वर केला.

"चौऱ्याण्णव," मी म्हटलं.

"तू कोण?"

"युसर. मी दिलं ते त्याला. शनिवारी साडेपाचला. डब्यात चार होती."

"वय?"

"सोळा."

"बस," त्या म्हणाल्या, आणि कागद पुढे ओढला. "पहिल्यापासून सांग. सावकाश."

मी पहिल्यापासून सांगितलं. वाळूपासून. बाबा मध्ये एकदाही बोलले नाहीत.

घस्सान त्याच दिवशी दुपारी सुटला. वजदीला फाटकावरूनच आत बोलावलं, त्यानं पिस्तूल स्वतःच काढून टेबलावर ठेवलं, असं नंतर कळलं. बाबा निलंबित आहेत, खटला पुढच्या महिन्यात. केंद्रावर रंगरूट परत वाळूत रांगतात आणि बाबांना शिव्या देतात. माझं नाव त्या कागदावर आहे. भरतीच्या वेळी तो कागद कोणी काढेल का, मला माहीत नाही. मदामना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, काढला तर काढू दे, त्यात काय लिहिलंय तेही वाचतील.

तीन आठवड्यांनी खालाची चूल फाटकावर परत पेटली. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्यानं ती कणकेशी झटापट करत होती. पोळी कुठे जाड, कुठे फाटलेली. मी पुढे झाले.

"खाला, माझे बाबा..."

"तुझ्या बापानं सांगितलं, ते बरं केलं," ती म्हणाली. "पण सांगायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत माझ्या पोराला चौकीत काय काय म्हणाले, ते तो मलासुद्धा सांगत नाही."

मी म्हणाले, "मलाही तीन दिवस लागले."

घस्साननं पिठाची गोणी आणून टेकवली. माझ्याकडे बघितलं नाही, गोणी सरळ केली आणि गेला. खालानं तेलाची वाटी माझ्यापुढे सरकवली.

"नुसती उभी काय राहतेस. दोन हात आहेत ना धड?"

मी बाह्या वर केल्या आणि गोळा थापायला घेतला. घंटा व्हायला दहा मिनिटं होती. खाला वाकून बघत राहिली.

"कड जाड राहिलीय," ती म्हणाली. "मोड, परत कर."

मी मोडली आणि परत थापायला लागले.